दीड हजारात नऊ रोपं: सोसायटीतल्या दोन दिवसांच्या रोपविक्रीचं एक प्रकरण

जूनचा शेवटचा शनिवार. पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीचा मांडव, चार विक्रेते, सकाळी १० ते रात्री ८. असे दोन-दोन दिवसांचे मांडव पाऊस सुरू झाला की शहरभर लागतात. भाव नर्सरीइतकेच, कधी कमीही असतात आणि रोप लिफ्टपर्यंत उचलून न्यायचं तेवढंच काम. पुढे उदाहरणाला घेतलेलं घर नमुन्याचं आहे. पण त्यातले भाव, कुंड्यांची मापं आणि रोपं मरण्याची कारणं अशा कुठल्याही मांडवात जशीच्या तशी भेटतील.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. हॉलला उत्तरेची पाच फुटी सरकती खिडकी. बेडरूमला पूर्वेची छप्पर असलेली बाल्कनी, तिथे सकाळी दहापर्यंत ऊन. घरात नवरा-बायको आणि रांगतं मूल. बजेट १,५०० रुपये आणि अपेक्षा एवढीच की हॉल हिरवा दिसावा.

शनिवारी काय घेतलं

तीन फुटी अरेका पाम, काळ्या पिशवीतला: २५० रुपये. दोन फुलं असलेली पीस लिली: १२०. पिवळ्या कडेचं स्नेक प्लांट, चार इंची कुंडीत: १२०. कॅलथिया: १८०. कपाएवढ्या सिरॅमिकमध्ये बसवलेलं जेड: १५०. बोटभर फिटोनिया: ४०. आणि एका टेबलावर ‘कोणतीही तीन १००’ अशी पाटी होती, तिथून मनी प्लांट, सिंगोनियम आणि स्पायडर प्लांट. ही तिन्ही त्याच सोसायटीतल्या एका हौशी बाईंनी घरच्या काड्यांपासून दोन महिन्यांपूर्वी लावलेली होती. रोपांचे झाले ९६० रुपये.

उरलेल्या ५४० मध्ये दोन पांढऱ्या सिरॅमिक कुंड्या (३६०), ‘प्लांट फूड’ची बाटली (१२०) आणि पांढरे खडे (६०). सिरॅमिक कुंड्यांना खाली भोक नव्हतं. विक्रेत्यानेच त्यांत पीस लिली आणि स्नेक प्लांट बसवून दिलं, वर खडे पसरले आणि सांगितलं, “ताई, एक दिवसाआड अर्धा ग्लास पाणी. बाकी काही बघावं लागत नाही.”

हा सल्ला खोटा नव्हता. त्याच्या नर्सरीत तो बरोबरच आहे. उरुळी कांचनच्या बाजूला हिरव्या शेडनेटखाली रोपं उघड्या हवेत असतात, कुंडीला चार भोकं असतात, वारा खेळता असतो आणि ढगाळ दिवशीही तिथे काही हजार लक्स (उजेडाचं माप) उजेड पडतो. तिथे एक दिवसाआड पाणी लागतं. अडचण अशी की सल्ला नर्सरीचा होता आणि रोप जाणार होतं हॉलमध्ये.

आठ आठवड्यांत काय झालं

जेड तिसऱ्या आठवड्यात गेलं. हात लागला की पानं टपटप गळायची, खोड तळाशी काळं. फिटोनिया चौथ्या आठवड्यात मातीच्या पातळीवर कुजून आडवी झाली. स्नेक प्लांट वरून ताठ दिसत होतं, पण पाचव्या आठवड्यात पुसताना एक पान हातातच आलं, खालचं टोक पिवळं, चिकट आणि आंबूस वासाचं. पीस लिली मान टाकून होती. अरेकाची खालची पानं पिवळी पडली आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसायला लागले. ते बघेपर्यंत शेजारी ठेवलेल्या कॅलथियावरही तेच पुंजके आले होते.

‘तीन १००’मधली तिन्ही मात्र तरारली होती. सिंगोनियमला चार नवी पानं, स्पायडर प्लांटला लोंबता तुरा. ऑगस्ट संपताना हिशेब असा: ३१० रुपयांची रोपं मेलेली, ५५० रुपयांची आजारी, आणि धडधाकट उरला तो १०० रुपयांचा माल. ५४० रुपयांच्या जोडसामानातली एकही वस्तू कुठल्याही रोपाच्या उपयोगी पडलेली नव्हती. दोन तर थेट नडल्या.

पाणी किती गेलं, किती निघालं

पीस लिलीपासून सुरुवात करू, कारण तिथे चूक आकड्यांत दिसते. सिरॅमिक कुंडी सव्वा लिटरची. अर्धा ग्लास म्हणजे १०० मिली. एक दिवसाआड घातलं तर तीन आठवड्यांत दहा वेळा, म्हणजे पुरतं एक लिटर. खाली भोक नाही, त्यामुळे हे पाणी फक्त दोन वाटांनी जाणार: मातीतून वाफ होऊन आणि पानांतून. वरचे खडे पहिली वाट जवळजवळ बंद करतात. दुसरी वाट उजेडावर चालते. जुलैत पुण्यावर सलग ढग असतात. त्या दिवसांत भर दुपारी या हॉलच्या खिडकीच्या कठड्यावर फोनमधल्या ॲपने १,२०० लक्स दाखवले, आणि पीस लिली ठेवली होती त्या टीपॉयवर, खिडकीपासून दहा फूट आत, जेमतेम ७०. आपल्या डोळ्यांना दोन्ही जागा उजेडाच्याच वाटतात, कारण डोळा जुळवून घेतो. रोपाला ते जमत नाही. ७० लक्सला पान पाणी ओढतच नाही म्हटलं तरी चालेल.

मग तळाशी पाणी साचतं, मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि त्यांच्यावर कूज आणणारी बुरशी चढते. मुळं गेली की रोपाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पीस लिली मान टाकते. आता गंमत अशी की ती तहानेनेही अगदी अशीच मान टाकते. घरातल्यांनी मान टाकलेली बघितली आणि पाणी वाढवलं. हा फरक ओळखायला एकच कसोटी आहे: मान टाकलेली आणि माती कोरडी असेल तर पाणी घाला, तासा-दोन तासांत ती उभी राहते. मान टाकलेली आणि माती ओली असेल तर पाणी बंद करून कुंडीतून बाहेर काढून मुळं बघा.

सहाव्या आठवड्यात ती बाहेर काढली. निरोगी मूळ पांढरं-दुधी आणि ताठ असतं. इथे दोन तृतीयांश मुळं चहाच्या रंगाची होती. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत केसाएवढा दोरा राहायचा. वास गटाराचा. तरी कंदाजवळची चार-पाच मुळं पांढरी होती, आणि तेवढ्यांवर रोप वाचतं.

स्नेक प्लांटचं कारण तेच, फक्त ते आतून कुजत असताना वरून महिनाभर ताठ राहतं, म्हणून उशिरा कळतं. जेडलाही भोक नव्हतंच. शिवाय आपल्याकडे ‘जेड’ म्हणून विकलं जाणारं रोप बहुतेक वेळा पोर्चुलाकारिया नावाचं वेगळंच रोप असतं. त्याला थेट ऊन हवं. त्याला अभ्यासाच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली ठेवणं म्हणजे उपाशी ठेवणं.

‘तीन १००’वाली जगली, कारण हॉलमध्ये त्यांना जागा उरली नव्हती. म्हणून ती पूर्वेच्या बाल्कनीत, त्यांच्या मूळच्या भोकं असलेल्या प्लास्टिक कुंड्यांतच राहिली आणि पाणी मिळालं ते कुणाला आठवलं तर. उजेड, भोक आणि कोरडं व्हायला उसंत या तीनही गोष्टी त्यांना विनासायास मिळाल्या. शिवाय ती पुण्याच्याच हवेत, घरातच वाढलेली होती. लांबून आलेल्या रोपाला जो जागाबदलाचा दणका बसतो तो त्यांना बसलाच नाही. स्वस्तातलं रोप घ्यायचं असेल तर अशा घरगुती टेबलावर आधी जावं, हे ठामपणे सांगतो. तिथे रोप लहान दिसतं, कुंडी दह्याच्या डब्याची असते, पण रोप रुळलेलं असतं.

अरेकाची पिशवी फाडल्यावर

अरेकाचं प्रकरण वेगळं होतं, आणि मांडवातल्या मोठ्या रोपांपैकी निम्म्यांना ते लागू पडतं. पिशवी ब्लेडने उभी चिरली तेव्हा बाहेर दोन बोटं जाडीचा भुसभुशीत कोकोपीटचा (नारळाच्या भुश्याचा) थर सहज गळून पडला. आत नारळाएवढा चिकणमातीचा गोळा निघाला. बाहेरचा थर ओलाकिच्च, आणि गोळा मध्यभागी विटेसारखा कोरडा. मुळं गोळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली, बाहेरच्या कोकोपीटमध्ये जेमतेम तीन मुळं शिरलेली.

हा गोळा कुठून येतो? महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या शोभेच्या रोपांचा मोठा हिस्सा आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियममधून येतो. गोदावरीच्या काठच्या गाळाच्या जमिनीवरची ही नर्सऱ्यांची मोठी वसाहत आहे. ट्रकमधून शेकडो किलोमीटर येताना मुळं हलू नयेत म्हणून रोप चिकट मातीच्या गोळ्यात वाढवलेलं असतं. प्रवासासाठी ही माती उत्तम, त्यात फसवणूक काही नाही. इथे पोहोचल्यावर व्यापारी तो गोळा जरा मोठ्या पिशवीत ठेवतो, कडेने कोकोपीट भरतो आणि रोप विकायला ठेवतो. घरी आपण वरून पाणी घालतो. ते सैल कोकोपीटमधून कडेने खाली निघून जातं आणि घट्ट गोळ्यात शिरत नाही. एकदा गोळा सुकून आक्रसला की पाणी त्याला जणू टाळूनच जातं. म्हणजे एकाच पिशवीत बाहेर अति पाणी आणि आत दुष्काळ. अरेकाची पानं पिवळी पडली ती यामुळे, आणि सोफ्याच्या कोपऱ्यातल्या अंधारामुळे.

कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, रोपांवरचे किडे. ते खरेदीच्या दिवशीही होते, फक्त देठ खोडाला जिथे मिठी मारतो त्या खाचेत. तिथे कुणी बघितलं नाही. घरी आल्याबरोबर अरेका आणि कॅलथिया शेजारी-शेजारी ठेवले, तिथून ते पसरले.

फिटोनियाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ४० रुपयांची, बोटभर, बंद काचेच्या बरणीत छान राहते, उघड्या कुंडीत सतत लक्ष मागते. नवख्याने घेऊ नये.

मांडवात रोप कसं बघायचं

खिशात तीन वस्तू हव्यात: उदबत्तीची जळून उरलेली काडी, फोनचा टॉर्च आणि घरी मोजून आणलेले उजेडाचे आकडे. आकड्यांसाठी आदल्या दिवशी दुपारी बारा वाजता रोप ठेवायच्या प्रत्येक जागी फोन आडवा, स्क्रीन वर करून धरायचा. ॲप अचूक नसतं, पण दोन जागांमधला फरक नीट दाखवतं. ॲप नको असेल तर कोरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली ठळक, कडा स्पष्ट असतील तर बहुतेक रोपं चालतील. सावली पुसट पण हाताचा आकार कळत असेल तर स्नेक प्लांट, झीझी, मनी प्लांट, हिरवं अग्लोनेमा. सावलीच पडत नसेल तर तिथे रोप ठेवू नका, फुलदाणी ठेवा. अग्लोनेमाच्या लाल-गुलाबी पानांच्या जाती या यादीत धरू नयेत. त्यांना रंग टिकवायला जास्त उजेड लागतो आणि त्या महागही असतात.

रोप हातात घेतलं की फुलं-पानं बघण्याआधी कुंडी तिरकी करून तळ बघा. भोकातून पांढरी मुळं डोकावत असतील तर रोप त्या कुंडीत रुजलेलं आहे. मग बुंध्याशी धरून हळूच हलवा. खोड दातासारखं डुगडुगत असेल तर ते चार-आठ दिवसांपूर्वीच कुंडीत घातलेलं आहे, मोठ्या कुंडीचे पैसे घेतले जातायत आणि मुळं मात्र लहान पिशवीएवढीच आहेत. आता उदबत्तीची काडी बुंध्यापासून दोन बोटं लांब, तिरकी खोचा. सरळ खाली गेली तर ठीक. इंचभर जाऊन टणक काही लागलं तर आत चिकणमातीचा गोळा आहे. एवढ्याने रोप नाकारायला नको, पण भाव कमी करायला आणि घरी एक तास जादा काम धरायला हे पुरेसं कारण आहे. काडी बाहेर काढून वास घ्या. पावसाच्या मातीचा वास यायला हवा. आंबूस वास आला तर रोप परत ठेवून द्या, कितीही स्वस्त असो.

मग टॉर्च. पानाची खालची बाजू, देठाची खाच आणि अजून न उलगडलेलं सर्वांत कोवळं पान, या तीन जागा. कापूस असेल तर पिठ्या ढेकूण, देठावर तपकिरी टिकल्या नखाने निघत असतील तर खवले कीड, पान चंदेरी-धुरकट आणि खाली बारीक काळे ठिपके असतील तर फुलकिडे, बारीक जाळं असेल तर कोळी कीड. कुंडी हलवल्यावर चिलटं उडाली तर माती बरेच दिवस ओली आहे एवढाच अर्थ. तेवढ्यावरून रोप वाईट ठरत नाही. मातीत पिवळट, मोहरीएवढे गोल दाणे दिसले तर घाबरू नये. ते हळू विरघळणारं खत असतं, किड्यांची अंडी नव्हेत. उलट ते दिसले तर रोप जरा नीट सांभाळलेलं आहे असं समजा.

विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत: “दादा, हे या कुंडीत कधी घातलं?” आणि “तुमच्याकडे ऊन होतं की नेटखाली होतं?” जाणता विक्रेता दोन्हींची सरळ उत्तरं देतो. हवा शुद्ध करतं का, ऑक्सिजन देतं का, हे विचारू नये आणि त्याचे जादा पैसेही देऊ नयेत. हा समज १९८९ मधल्या नासाच्या एका अहवालापासून पसरला, पण ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले तेव्हा निघालं ते असं की खिडकी उघडून जेवढी हवा बदलते तेवढं काम रोपांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १,००० रोपं लागतील.

भावाबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात: उंची मोजू नका, फुटवे मोजा. या मांडवात चार इंची कुंडीतलं एकाच फुटव्याचं स्नेक प्लांट १२० ला होतं आणि शेजारच्या टेबलावर सहा इंची कुंडीतलं तीन फुटव्यांचं २०० ला. दुसऱ्यात वर्षभराने तीन रोपं वेगळी करता येतात. मनी प्लांटच्या कुंडीत काड्या मोजाव्यात, एक लांब वेल घेण्यापेक्षा पाच आखूड काड्या बऱ्या. अरेकाला मात्र हा हिशेब लावू नये. त्याच्या एका पिशवीत दहा-पंधरा बीरोपं दाटीने लावलेली असतात, वेगळी करायला गेलं की मुळं तुटून निम्मी मरतात.

घासाघीस करायची तर रविवारी संध्याकाळी पाचनंतर. टेम्पोत परत भरून न्यायचा खर्च आणि कष्ट विक्रेत्याला दिसत असतात, म्हणून तो खाली येतो. पण दोन दिवस मांडवात उभं राहिलेलं रोप दमलेलं असतं. त्या वेळी स्नेक प्लांट, झीझी, स्पायडर प्लांट असली काटक रोपं घ्यावीत. कॅलथिया, फर्न, फिटोनिया घ्यायचीच असतील तर शनिवारी सकाळी, पूर्ण भावाने.

रांगतं मूल असलेल्या या घराने आणखी एक गोष्ट बघायला हवी होती. मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली, अग्लोनेमा, झीझी, डिफेनबेकिया ही सगळी अळूच्या कुळातली. अळूचं कच्चं पान घसा खाजवतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि तेच स्फटिक या सगळ्यांत आहेत. मुलाने पान चावलं तर तोंड-जीभ सुजते. ही रोपं घ्यायला हरकत नाही, पण ती चार फुटांच्या वरच ठेवावीत आणि मनी प्लांटची वेल खाली लोंबू देऊ नये. स्नेक प्लांट कुळाने वेगळं, पण पोटात गेलं तर तेही त्रासदायक, म्हणून तेही वरच. जमिनीवर ठेवायला स्पायडर प्लांट, अरेका, कॅलथिया यांचा धोका नाही.

तेच १,५०० रुपये, त्याच मांडवात

तीन फुटव्यांचं स्नेक प्लांट २००. दोन देठांचं झीझी, चार इंची, १८०. हिरव्या-चंदेरी पानांचं अग्लोनेमा १५०. फुलं नसलेली लहान पीस लिली ८०. ‘तीन १००’ आहेतच. सात रोपं, ७१० रुपये. फुलं आलेल्या पीस लिलीचे जादा पैसे देण्यात अर्थ नसतो, ती फुलं महिन्याभरात हिरवी पडून वाळतात आणि पुढची फुलं तुमच्या उजेडावर ठरतात.

जोडसामान: सहा इंची प्लास्टिक कुंड्या, भोकं आणि ताटलीसकट, चार, १६० रुपये. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट ६०. परलाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके दाणे) अर्धा किलो १००. गांडूळखत दोन किलो ६०. निंबोळी पेंड अर्धा किलो ५०. हे ४३०. एकूण १,१४०. सिरॅमिकची आवड असेल तर एक कुंडी १८० ला घ्यावी, पण ती बाहेरचं आवरण म्हणून: रोप भोकाच्या प्लास्टिक कुंडीत आणि ती कुंडी सिरॅमिकमध्ये ठेवलेली. पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढायची, निथळू द्यायची, पुन्हा ठेवायची. तरी १८० रुपये उरतात.

घरी आणल्यावरचे पहिले तीन आठवडे

सगळी नवी रोपं तीन आठवडे जुन्या रोपांपासून आणि शक्यतो एकमेकांपासूनही दूर, या घरात बाल्कनीच्या सावलीच्या बाजूला. पिठ्या ढेकणांची अंडी आठ-पंधरा दिवसांत फुटतात, म्हणून चार दिवस वेगळं ठेवून काही कळत नाही. दर रविवारी टॉर्च घेऊन त्याच तीन जागा बघायच्या.

कीड दिसली तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून पुंजके पुसून काढा. नंतर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे २ मिली आधी एकत्र फेटून, मग पाण्यात मिसळून फवारा. संध्याकाळीच, कारण तेल लागलेलं पान उन्हात भाजतं. सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा. दुसऱ्या फवारणीला कीड दिसेनाशी होते आणि लोक थांबतात, नेमकी तिसरीच उरलेल्या पिल्लांसाठी असते.

कुंडी बदलायची घाई नसावी, आठवडाभर रोपाला जागेची सवय होऊ द्या. कोकोपीटची वीट चार लिटर पाण्यात भिजवा, ती फुगून आठ-नऊ लिटर होते. पिळून पहिलं पाणी फेकून द्या आणि पुन्हा एकदा धुवा, कारण त्यात मिठाचा अंश असतो आणि त्याने पानांची टोकं करपतात. मिश्रण: दोन माप पिळलेलं कोकोपीट, एक माप परलाइट, एक माप गांडूळखत, आणि प्रत्येक सहा इंची कुंडीला एक मोठा चमचा निंबोळी पेंड. स्नेक प्लांट आणि झीझीसाठी कोकोपीट आणि परलाइट समसमान, गांडूळखत निम्मं. परलाइट संपलं तर विटेचा वाटाण्याएवढा चुरा चालतो. मुठीत दाबून बघा: गोळा व्हावा, आणि बोट लावल्यावर मोडावा.

चिकणमातीचा गोळा असलेलं रोप बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून बोटांनी आणि काडीने बाहेरचा एक तृतीयांश गोळाच सोडवा. संपूर्ण माती धुऊन काढायचा मोह होतो, तो आवरा, विशेषतः अरेकाला ते मुळीच सोसत नाही. नवी कुंडी गोळ्यापेक्षा सगळीकडून जेमतेम इंचभर मोठी. फार मोठी घेतली तर मुळं नसलेली माती ओली राहते आणि पुन्हा तीच कूज. पुढचे आठ-दहा दिवस सावली, महिनाभर खत नाही. ‘प्लांट फूड’ची बाटली याच काळात वापरली जाते आणि तुटलेल्या मुळांना खारं पाणी पाजल्यासारखं होतं.

पाण्याला वार नसतो. काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढा. ओली माती चिकटली तर थांबा. कुंडी उचलून बघायची सवय लागली की काडीचीही गरज राहत नाही, सुकलेली कुंडी हाताला ओळखू येण्याइतकी हलकी लागते. पाणी घालायचं तेव्हा भोकातून वाहेपर्यंत घाला आणि वीस मिनिटांनी ताटली रिकामी करा. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टमध्ये, खिडकीपासून तीन फुटांच्या आत, सहा इंची कुंडीतल्या स्नेक प्लांटला आणि झीझीला १५ ते २० दिवसांनी पाणी लागतं, मनी प्लांटला आठवड्याने, पीस लिलीला पाच-सहा दिवसांनी. एप्रिलमध्ये यातला प्रत्येक आकडा जवळपास निम्मा होतो.

आजारी उरलेल्यांचं

पीस लिलीची कुजलेली मुळं कात्रीने कापली, फुलं आणि एक तृतीयांश पानं काढून टाकली, कारण एवढ्या थोड्या मुळांवर सगळा पसारा पोसला जात नाही. सिरॅमिकमधून काढून उलट लहान, चार इंची भोकाच्या कुंडीत लावली, वरून प्लास्टिकची पिशवी सैल घातली आणि ती खिडकीच्या कठड्याजवळ ठेवली. तीन आठवड्यांत मधून टोकदार नवं पान वर आलं.

मेलेल्या स्नेक प्लांटच्या दोन पानांचा वरचा भाग टणक होता. चार-चार बोटांचे तुकडे करून, खालची बाजू कुठली ते पेनने खूण करून (उलटं खोचलं तर मूळ धरत नाही), दोन दिवस सुकवून परलाइटमध्ये खोचले. त्यांना फुटवे यायला दोन-तीन महिने लागतात, आणि येतात ते सगळे हिरवे. पिवळी कड पानाच्या तुकड्यातून पुढच्या रोपात उतरत नाही. ती हवी असेल तर कंदासकट फुटवाच वेगळा करावा लागतो. जेडच्या टोकाकडच्या तीन काड्या हिरव्या होत्या, त्या बाल्कनीच्या उन्हात रेतीमिश्रित मातीत लावल्या.

कॅलथिया तीन फवारण्यांनंतर स्वच्छ झाला. पावसाळ्यात पुण्याची हवा त्याला मानवते, खरी परीक्षा मार्चमध्ये, दुपारची हवा कोरडी झाल्यावर. तेव्हा पानांच्या कडा करपणारच. त्याला अग्लोनेमाच्या शेजारी, दाटीत ठेवणं एवढंच घरात करता येतं.

अरेकाचा गोळा भिजवून, बाहेरचा थर सोडवून तो आठ इंची कुंडीत लावला आणि पूर्वेच्या बाल्कनीत हलवला. पिवळी झालेली चार पानं परत हिरवी होत नाहीत, ती बुंध्याशी कापली. दसऱ्याच्या सुमारास मधल्या तीन खोडांतून भाल्यासारखी मिटलेली नवी पानं निघाली, आणि त्यांच्या खाचांत टॉर्च मारला तेव्हा कापूस नव्हता.